विश्लेषण : 'चोकर्स' नक्की कोणाला म्हणायचे? दक्षिण आफ्रिकेच्या २७ वर्षांच्या दुष्काळाचा हिशेब

आयसीसीची मोठी स्पर्धा आली की समाजमाध्यमांवर काही विनोद ठरलेले असतात. त्यातला सगळ्यात जुना विनोद दक्षिण आफ्रिकेवरचा. साखळीत हा संघ धडाधड जिंकत सुटतो आणि बाद फेरी आली की कुठेतरी माशी शिंकते. मग 'चोकर्स' हा शब्द, म्हणजे ऐन मोक्याच्या क्षणी कच खाणारे, पुन्हा फिरू लागतो.

१४ जून २०२५ रोजी लॉर्ड्सवर हा विनोद काही काळ थांबला. जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला ५ गडी राखून हरवले. १९९८ नंतर या संघाने जिंकलेला हा पहिलाच आयसीसी करंडक. पण ही २७ वर्षे खरेच फक्त घाबरटपणाची होती का? की नशिबाची, नियमांची आणि चुकीच्या हिशेबाचीही? एकेक प्रश्न घेऊन पाहू.

आधी आकडे : कोणाकडे किती करंडक?

पुरुषांच्या क्रिकेटमध्ये आयसीसीच्या चार मोठ्या स्पर्धा आहेत : एकदिवसीय विश्वचषक, टी-ट्वेंटी विश्वचषक, चॅम्पियन्स करंडक आणि जागतिक कसोटी अजिंक्यपद. १९७५ पासून २०२५ अखेरपर्यंत या चारही मिळून ३४ स्पर्धा झाल्या. त्यांची वाटणी अशी :

ऑस्ट्रेलिया – १०
भारत – ७
वेस्ट इंडिज – ५
पाकिस्तान – ३
इंग्लंड – ३
श्रीलंका – ३
न्यूझीलंड – २
दक्षिण आफ्रिका – २

(बेरीज ३५ भरते, कारण २००२ चा चॅम्पियन्स करंडक पावसामुळे भारत आणि श्रीलंकेला विभागून देण्यात आला होता.)

ही यादी खरी असली, तरी तिच्यात सगळे येत नाही. १९८० ते १९९५ या काळात वेस्ट इंडिजने एकही कसोटी मालिका गमावली नाही, पण तेव्हा कसोटीचा विश्वकरंडकच नव्हता. दक्षिण आफ्रिकेचेही तसेच. २००६ ते २०१५ अशी नऊ वर्षे हा संघ परदेशात एकही कसोटी मालिका हरला नाही. ग्रॅमी स्मिथच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवून तो क्रमवारीत अव्वल ठरला. पण कसोटी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली २०१९ मध्ये. स्मिथ, कॅलिस, स्टेन, अमला यांचा तो संघ ज्या प्रकारात सर्वांत भारी होता, त्या प्रकारात जिंकायला करंडकच नव्हता.

हा संघ इतक्या उशिरा का आला?

वर्णद्वेषी धोरणामुळे दक्षिण आफ्रिका १९७० नंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून बाहेर फेकली गेली. त्याच वर्षी त्यांनी ऑस्ट्रेलियाला ४-० असे धुतले होते. पुढची २१ वर्षे हा देश खेळलाच नाही. १९७५, १९७९, १९८३ आणि १९८७ हे चार विश्वचषक त्याच्याविनाच झाले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. 'ग्रॅमी पोलॉक आणि बॅरी रिचर्ड्स यांच्यासारख्या खेळाडूंची कारकीर्द वाया गेली' असे हळहळून नेहमी म्हटले जाते. पण त्यांना निदान काही कसोटी सामने तरी मिळाले. ज्या बहुसंख्य कृष्णवर्णीय खेळाडूंना देशाच्या संघाची दारेच बंद होती, त्यांचे किती नुकसान झाले याची मोजदाद कुठल्याच धावफलकावर नाही.

१० नोव्हेंबर १९९१ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताविरुद्ध हा संघ परतला. त्यानंतर चारच महिन्यांनी तो थेट विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत उभा होता. आणि तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

१९९२ : १३ चेंडूंत २२, मग एका चेंडूत २१

सिडनीत इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या असताना पाऊस आला. खेळ थांबला जेमतेम बारा मिनिटे. पण तो पुन्हा सुरू झाला तेव्हा समीकरण झाले होते : एक चेंडू, २१ धावा.

हे कसे झाले? त्या वेळच्या नियमानुसार दुसऱ्या डावातली जितकी षटके वाया जातील, तितकी पहिल्या डावातली सर्वांत कमी धावांची षटके हिशेबातून वगळली जात. वाया गेली दोन षटके. इंग्लंडच्या डावातली सर्वांत 'स्वस्त' दोन षटके वगळली, तर लक्ष्य जेमतेम एका धावेने घटले. म्हणजे दक्षिण आफ्रिकेने टिच्चून टाकलेली षटकेच तिच्या मुळावर आली.

या नियमाचे इतके हसे झाले की पावसाच्या गणिताचा नव्याने विचार सुरू झाला. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांची पद्धत त्यातूनच पुढे आली आणि १९९७ मध्ये पहिल्यांदा वापरली गेली.

या पराभवाला 'कच खाणे' म्हणता येईल का? अजिबात नाही. मात्र दुसरी बाजूही नोंदवायला हवी. हवामानाचा अंदाज आणि नियम दोन्ही ठाऊक असताना कर्णधार केप्लर वेसल्सने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले होते. शिवाय षटकांची गती इतकी मंद होती की इंग्लंडचा डाव ४५ षटकांतच थांबवावा लागला.

१९९९ : बरोबरी होऊनही बाहेर

'चोकर्स' हा शिक्का पक्का बसला तो या सामन्याने. बर्मिंगहॅममध्ये ऑस्ट्रेलियाने २१३ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ९ धावा हव्या होत्या आणि एकच गडी शिल्लक होता. लान्स क्लुसनरने डॅमियन फ्लेमिंगच्या पहिल्या दोन चेंडूंवर चौकार मारले. चार चेंडूंत एक धाव. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच.

तिसऱ्या चेंडूवर दुसऱ्या टोकाचा ॲलन डोनाल्ड धावबाद होता होता वाचला. चौथ्या चेंडूवर क्लुसनर धावत सुटला, डोनाल्ड जागेवरच राहिला, त्यात त्याच्या हातून बॅट पडली आणि तो धावबाद झाला. धावसंख्या समान. पण सुपर सिक्स फेरीच्या गुणतक्त्यात ऑस्ट्रेलिया वर असल्याने अंतिम फेरीत तीच गेली.

ऑस्ट्रेलिया वर का होती? कारण चारच दिवस आधी हेडिंग्लेवर याच दोन संघांच्या सामन्यात हर्शेल गिब्जच्या हातून स्टीव्ह वॉचा झेल सुटला होता. तेव्हा वॉ ५६ वर होता, त्याने नाबाद १२० केल्या आणि सामना फिरवला. हातात आलेला चेंडू आनंदाच्या भरात उडवायला गेलेल्या गिब्जने त्याच दिवशी शतकही ठोकले होते, हे मात्र आता फारसे कोणाला आठवत नाही.

इथे दबाव होता, घाबरगुंडीही होती. पण चार चेंडूंत एक धाव हवी असताना दोन फलंदाजांनी एकमेकांशी काय ठरवायचे, हा साध्या नियोजनाचाही प्रश्न होता.

२००३ : कागद चुकीचा वाचला

घरच्या मैदानावरचा विश्वचषक. डर्बनमध्ये श्रीलंकेविरुद्ध पाऊस सुरू झाला. ४५ षटकांअखेर २२९ धावा हव्यात, असा निरोप तंबूतून मैदानात गेला. मार्क बाऊचरने षटकार मारून २२९ गाठले आणि षटकाचा शेवटचा चेंडू शांतपणे तटवला. त्यानंतर खेळ पुन्हा झालाच नाही.

घोळ असा की डकवर्थ-लुईसच्या तक्त्यातला २२९ हा आकडा बरोबरीचा होता. जिंकायला हव्या होत्या २३०. सामना बरोबरीत सुटला, यजमान साखळीतच बाद झाले. शॉन पोलॉकचे कर्णधारपद गेले आणि २२ वर्षांच्या ग्रॅमी स्मिथकडे ते आले.

आता याला काय म्हणायचे? बाऊचर डगमगला नव्हता, त्याने तर षटकार मारला होता. चूक होती तक्ता वाचणाऱ्याची. जो नियम १९९२ ची थट्टा पुन्हा होऊ नये म्हणून आला, त्याच नियमाच्या कागदावर हा संघ अकरा वर्षांनी घसरला.

आणि खरोखर अवसान गळाले ते कधी?

असेही प्रसंग आहेत, आणि ते थोडे नाहीत.

२००२ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य फेरीत भारताविरुद्ध २६२ धावांचा पाठलाग करताना त्यांची अवस्था १ बाद १९२ अशी भक्कम होती. शतकवीर गिब्ज उन्हाने गळपटून तंबूत परतला आणि नंतर सामना १० धावांनी निसटला. २००७ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५ बाद २७ आणि सर्व बाद १४९. २०११ मध्ये ढाक्यात न्यूझीलंडविरुद्ध २२२ चे लक्ष्य. २ बाद १०८ वरून सर्व बाद १७२. २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात तर नेदरलँड्सकडून हरून ते बाहेर पडले.

विश्वचषकातला बाद फेरीचा पहिला विजय या संघाला मिळाला तो थेट २०१५ मध्ये, श्रीलंकेविरुद्ध. लगेच पुढच्या सामन्यात ऑकलंडला ग्रँट इलियटने डेल स्टेनला षटकार मारून त्यांना बाहेर काढले. हा इलियट जन्माने जोहान्सबर्गचा!

हे निव्वळ नशीब असू शकते का?

एक साधे गणित करू. समजा एखादा संघ इतका चांगला आहे की बाद फेरीतला प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ६० टक्के आहे. तरी उपांत्य आणि अंतिम असे दोन्ही सामने जिंकण्याची शक्यता ०.६ × ०.६ म्हणजे ३६ टक्केच भरते. म्हणजे बलाढ्य संघही उपांत्य फेरी गाठल्यावर तीनपैकी जवळपास दोनदा रिकाम्या हाताने परततो. त्यामुळे 'एवढे चांगले खेळून हरले, म्हणजे कच खाल्ली' हा निष्कर्ष एका स्पर्धेपुरता तरी उतावळेपणाचा ठरतो.

पण दक्षिण आफ्रिकेची यादी एका स्पर्धेची नाही. एकदिवसीय विश्वचषक, टी-ट्वेंटी विश्वचषक आणि चॅम्पियन्स करंडक मिळून २०२५ अखेरपर्यंत या संघाने १४ वेळा उपांत्य फेरी गाठली. अंतिम फेरीत तो गेला फक्त दोनदा : १९९८ च्या चॅम्पियन्स करंडकात (तेव्हाचे नाव 'नॉकआऊट') आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात. प्रत्येक उपांत्य सामना नाणे उडवून ठरवला असता, तरी १४ पैकी दोन किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी आहे.

म्हणजे नशिबाला सगळा दोष देता येत नाही. पण सगळा दोष 'मनोबला'लाही देता येत नाही. १९९२ मध्ये नियम आडवा आला, १९९६ च्या उपांत्यपूर्व सामन्यात डोनाल्डला बाहेर ठेवून दोन फिरकीपटू खेळवण्याचा निर्णय महागात पडला, २००३ मध्ये तक्ता चुकला, २००७ आणि २०११ मध्ये फलंदाजी कोसळली. पाच पराभवांची कारणे निराळी, पण नाव एकच.

त्यातून एक दुष्टचक्रही तयार झाले. १९९९ मधला एकही खेळाडू २०१५ च्या संघात नव्हता. तरी प्रत्येक नव्या कर्णधाराला पत्रकार परिषदेत तोच जुना प्रश्न. पराभव खेळाडूंसोबत निवृत्त होतात, शिक्का मात्र जर्सीवर राहतो.

मग न्यूझीलंडला कोणी 'चोकर्स' का म्हणत नाही?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. न्यूझीलंड २०१५ आणि २०१९ च्या एकदिवसीय विश्वचषकांचे अंतिम सामने हरली, २०२१ चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचाही, आणि २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना भारताकडून. २०१९ मध्ये तर सामना आणि सुपर ओव्हर दोन्ही बरोबरीत सुटून केवळ चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंड विजेता ठरले. त्यांच्याबद्दल जगाला हळहळ वाटते. 'सभ्य, गुणी, कमनशिबी' अशी त्यांची ओळख.

फरक अपेक्षेचा आहे. न्यूझीलंड अंतिम फेरीत पोहोचली की लोक म्हणतात, 'आवाक्यापेक्षा जास्त मिळवले'. दक्षिण आफ्रिका उपांत्य फेरीत हरली की म्हणतात, 'आवाक्यातले घालवले'. शब्द ठरतो तो पराभवावरून नाही, तर आपण आधी काय गृहीत धरले होते त्यावरून.

आणि भारतीय चाहत्यांनी तर हे फार दूर शोधायला नको. २०१३ च्या चॅम्पियन्स करंडकानंतर भारताने २०१४, २०१७, २०२१, २०२३ (दोनदा) असे अंतिम सामने आणि २०१५, २०१६, २०१९, २०२२ मध्ये उपांत्य सामने गमावले. तेव्हा तोच शब्द आपल्याही संघाला चिकटू लागला होता.

तो सुटला २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनमध्ये, आणि समोर होती दक्षिण आफ्रिकाच. ३० चेंडूंत ३० धावा, सहा गडी हातात आणि हाइनरिक क्लासेन तुफान फॉर्मात. तिथून बुमरा, हार्दिक आणि अर्शदीपने सामना खेचला, शेवटच्या षटकात सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल टिपला आणि भारत ७ धावांनी जिंकला. आपल्याकडे त्या षटकांची आठवण 'काय गोलंदाजी केली!' अशी निघते. तिकडे तीच षटके 'पुन्हा कच खाल्ली' या खात्यात जमा झाली. सामना एकच होता.

लॉर्ड्सवर वेगळे काय घडले?

पहिली गोष्ट, कसोटीत चूक सुधारायला वेळ मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या २१२ धावांना उत्तर देताना दक्षिण आफ्रिका १३८ वर गारद झाली होती. पॅट कमिन्सचे २८ धावांत ६ बळी. एकदिवसीय सामना असता तर गोष्ट तिथेच संपली असती. इथे कागिसो रबाडाने सामन्यात ९ बळी घेत संघाला परत आणले आणि समोर लक्ष्य आले २८२ चे.

दुसरी गोष्ट, या वेळी नशिबाचा एक तुकडा त्यांच्याही वाट्याला आला. कर्णधार टेम्बा बावुमा २ धावांवर असताना स्लिपमध्ये स्टीव्ह स्मिथच्या हातून त्याचा झेल सुटला. १९९९ मध्ये गिब्जच्या हातून वॉ सुटला होता, २०२५ मध्ये स्मिथच्या हातून बावुमा.

तिसरी गोष्ट, बावुमा. मांडीच्या मागचा स्नायू दुखावला असताना लंगडत त्याने ६६ धावा केल्या आणि एडन मार्करमसोबत १४७ धावांची भागीदारी रचली. मार्करमने १३६ धावा काढून सामना जवळपास संपवला. मैदानात प्रतिस्पर्ध्यांकडून 'चोक' हा शब्द ऐकू आल्याचे बावुमाने सामन्यानंतर सांगितले.

केप टाऊनजवळच्या लांगा या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेला बावुमा हा या देशाच्या पुरुष संघाचा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी पूर्णवेळ कर्णधार. त्याच्या उंचीवरून आणि 'कोट्यातला' म्हणून त्याची जितकी टिंगल समाजमाध्यमांवर झाली, तितकी क्वचितच एखाद्या कर्णधाराची झाली असेल. लॉर्ड्सच्या विजयानंतर त्याचा कसोटी कर्णधार म्हणून हिशेब असा होता : १० सामने, ९ विजय, १ अनिर्णित.

म्हणजे शिक्का पुसला गेला?

पूर्णपणे नाही. एकदिवसीय विश्वचषकाच्या पाच उपांत्य सामन्यांपैकी एकही या संघाने अजून जिंकलेला नाही. तो हिशेब पुढच्या, म्हणजे २०२७ च्या विश्वचषकात पुन्हा मांडला जाईल आणि त्याचे मुख्य यजमान खुद्द दक्षिण आफ्रिकाच आहेत.

शिवाय हा शब्द आता महिला संघाच्याही वाट्याला येऊ लागला आहे. २०२३ आणि २०२४ चे टी-ट्वेंटी विश्वचषक आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत झालेला एकदिवसीय विश्वचषक, असे सलग तीन अंतिम सामने त्या हरल्या. नवी मुंबईत लॉरा वूल्व्हार्टने शतक ठोकूनही भारताने ५२ धावांनी बाजी मारली.

पण त्याच स्पर्धेतली आणखी एक नोंद पाहा. सलामीच्या सामन्यात इंग्लंडने याच संघाला गुवाहाटीत ६९ धावांत गुंडाळले होते. उपांत्य फेरीत त्याच मैदानावर, त्याच इंग्लंडविरुद्ध, एकट्या वूल्व्हार्टने १६९ धावा केल्या आणि संघ १२५ धावांनी जिंकला. कच खाणारा संघ असा परत उभा राहत नाही.

आणि त्यांना हरवणारा भारतीय संघ? तोही २०१७ मध्ये लॉर्ड्सवर ३ बाद १९१ अशा सुस्थितीतून ९ धावांनी अंतिम सामना हरला होता. त्या दिवशी मैदानात असलेली हरमनप्रीत कौरच आठ वर्षांनी नवी मुंबईत करंडक उंचावत होती.

म्हणून पुढच्या वेळी हा शब्द टाइप करण्याआधी एवढेच तपासून पाहा : नियम आडवा आला, हिशेब चुकला, समोरच्याने भारी खेळ केला की खरोखरच अवसान गळाले? उत्तर दर वेळी निराळे निघेल. उपांत्य फेरीत चौदा वेळा हरण्याची संधीसुद्धा तिथे चौदा वेळा पोहोचणाऱ्यालाच मिळते.